रानसफरचंद खावे की नुसते पाहावे?

१. प्रश्न कोणाला पडतो

मुलगा किंवा मुलगी परदेशी नोकरीस असल्यामुळे पुण्या-मुंबईकडची जी वडीलधारी मंडळी चार-सहा महिन्यांच्या मुक्कामाला शिकागो, टोराँटो अगर लंडनच्या उपनगरांत जातात, आणि नातवंडे शाळेत गेल्यावर तेथल्या सामसूम रस्त्यांवरून पाय मोकळे करू लागतात, त्यांच्या नजरेला सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास हटकून एक झाड पडते. उंचीने दोन-तीन पुरुष, फांद्या एकमेकींत गुंतलेल्या, पाने पिवळी पडू लागलेली, आणि त्या फांद्यांवर बोराएवढी, क्वचित बोराहूनही लहान, तांबडीलाल किंवा सोनेरी फळे अशी लगडलेली की पानांपेक्षा फळेच अधिक दिसावीत. आकार, देठ, रंगाची झाक, सारे सफरचंदाचे. परंतु सफरचंद एवढेसे कसे असेल? बरे, झाडे घरोघर आहेत, फळाला हात मात्र कोणी लावीत नाही, आणि खाली पडलेला सडा पालापाचोळ्याबरोबर झाडून टाकला जातो. पानातले शीत वाया गेलेले ज्यांना खपत नाही अशा पिढीच्या मनात मग साहजिकच प्रश्न उभा राहतो: ही खातात का? "नको हो बाबा, ती शोभेची आहेत," एवढ्यावर सूनबाई विषय संपविते.

सूनबाईचे उत्तर अर्धे बरोबर आहे. झाडे शोभेसाठीच लावलेली असतात. पण फळे विषारी नसतात. त्यांना इंग्रजी मुलखात क्रॅब ॲपल म्हणतात. आपण या प्रकरणात रानसफरचंद म्हणू. ते खाता येते, मात्र कच्चे खाऊन कोणी दुसऱ्यांदा मागेल अशी आशा धरू नये. हे फळ ताटापेक्षा पातेल्यासाठी आहे, आणि पातेल्यापेक्षाही त्याचे मोठे काम फळबागेत चालते. आपण बाजारातून किलोच्या भावाने आणतो त्या मोठ्या, गोड सफरचंदाच्या पाठीशी हे चिमुकले आंबट फळ किती ठिकाणी उभे आहे, याचा तपशील पाहू लागले म्हणजे शोभेचे झाड हा शब्दप्रयोग फारच अपुरा वाटू लागतो.

२. कोणत्या फळाला रानसफरचंद म्हणावे

वनस्पतिशास्त्रात सफरचंदाच्या कुळाला मॅलस असे नाव असून, कोणास जात म्हणावे आणि कोणास पोटजात याविषयी पंडितांत मतैक्य नसल्यामुळे त्या कुळातील जातींची गणती कोणी तीस करतो, तर कोणी पन्नासाच्या पलीकडे नेतो. हे कुळ गुलाबाच्या विस्तीर्ण घराण्यात मोडते. रानसफरचंद ही मात्र शास्त्रीय जात नसून बागवानांनी व्यवहारापुरती आखलेली हद्द आहे: ज्याच्या फळाचा व्यास साधारणपणे दोन इंच, म्हणजे पाच सेंटिमीटर, किंवा त्याहून कमी, ते रानसफरचंद. या हद्दीत युरोपचे मॅलस सिल्व्हेस्ट्रिस येते, अमेरिकेच्या पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरील वेगवेगळ्या जाती येतात, जपानी मॅलस फ्लोरिबुंडा येते, आणि आपल्याला भूगोलाच्या नात्याने सर्वांत जवळची अशी मॅलस बकाटाही येते. हिला सैबेरियन रानसफरचंद म्हणत असले, तरी तिचा मुलूख सैबेरिया, मांचुरिया आणि उत्तर चीनपासून थेट हिमालयाच्या उतारांपर्यंत पसरलेला आहे. तिचे फळ जेमतेम एक सेंटिमीटरचे असते.

महाराष्ट्रात हे झाड दिसत नाही, याचे कारण उष्मा एवढेच नव्हे. सफरचंदाच्या कळ्या हिवाळ्यात झोपी जातात, आणि पुरेसा काळ थंडी अंगावरून गेल्यावाचून त्या उमलण्यास राजी होत नाहीत. बागायती सफरचंदाच्या बहुतेक जुन्या जातींना सात अंश सेल्सियसखालच्या तापमानाचे 800 ते 1200 तास लागतात. हजार तास म्हणजे दिवसरात्र धरून जवळजवळ बेचाळीस दिवस. महाबळेश्वरास वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या पहाटे हिमकण दिसले की त्याची वर्तमानपत्रांत बातमी होते. पण एवढ्या थंडीचा जमाखर्च या झाडाच्या हिशेबी जुळत नाही.

३. एक फळ आडवे कापून पाहू

एखादे फळ हातात घ्यावे. देठ लांब आणि बारीक, चेरीच्या देठासारखा. देठाच्या विरुद्ध टोकाला, जेथे फूल होते तेथे, बहुतेक जातींत वाळलेल्या निदलांचा लहानसा तुरा शिल्लक असतो, आणि सैबेरियन जातीत तोही गळून पडून नुसता वाटोळा वण राहतो. आता सुरीने फळ उभे न कापता आडवे कापावे. मध्यभागी पाच पाकळ्यांची चांदणी दिसेल. ती चांदणी म्हणजे पाच कप्पे, त्या कप्प्यांना कागदासारखी चिवट भिंत, आणि प्रत्येकात तपकिरी चकचकीत एक-दोन बिया. शास्त्रदृष्ट्या खरे फळ म्हणायचे ते या चांदणीपुरतेच. तिच्याभोवतीचा जो गर आपण खातो तो फुलाच्या बुडखाचा, म्हणजे पाकळ्या आणि पुंकेसर ज्यावर बसलेले होते त्या वाटीसारख्या भागाचा, फुगलेला अवतार आहे. मोठ्या सफरचंदात हीच रचना असते, परंतु तेथे गराचा पसारा इतका की मधली चांदणी नगण्य ठरते. येथे चांदणीनेच निम्मी जागा बळकावलेली असते, आणि म्हणून फळ सोलून, बिया काढून खाण्याचा खटाटोप कोणी करीत नाही.

ही चांदणी ओळखीसाठीही उपयोगी आहे. परदेशी रस्त्याकडेला तांबड्या लहान फळांची इतरही झाडे असतात. त्यांतील काही, विशेषतः सदाहरित यू वृक्षाच्या मऊ तांबड्या फळांतील बी, प्राणघातक आहे. जाणकार माणूस सोबत नसताना केवळ रंगावरून फळ तोंडात टाकू नये. रानसफरचंदाच्या बियांतही ॲमिग्डालिन नावाचे द्रव्य असते, आणि बी चावली असता त्यातून अल्प प्रमाणात सायनाइड सुटते. चुकून एक-दोन बिया गिळल्या गेल्या तर बिघडत नाही, पण मूठभर बिया मुद्दाम चावून खाण्याची हौस करू नये. मोठ्या सफरचंदाच्या बियांनाही हाच नियम लागू आहे.

४. आंबट का, आणि तुरट का

फळाचा तुकडा जिभेवर ठेवताच दोन निरनिराळे अनुभव येतात, आणि ते वेगळे ओळखणे आवश्यक आहे. पहिला आंबटपणाचा, तो मॅलिक आम्लाचा. हे आम्ल स्वीडनच्या कार्ल विल्हेल्म शेले या रसायनज्ञाने 1785 साली सफरचंदाच्या रसातूनच प्रथम वेगळे केले. दुसरा अनुभव चवीचा नसून स्पर्शाचा आहे: जीभ आणि हिरड्या आवळल्यासारख्या, कोरड्या पडल्यासारख्या वाटतात. हे टॅनिनचे काम. लाळेमध्ये जी बुळबुळीत प्रथिने असतात त्यांना टॅनिन चिकटते आणि त्यांचा साका करते, त्यामुळे तोंडाचे वंगण नाहीसे होते. कच्च्या जांभळाने, कोवळ्या डाळिंबाच्या सालीने तोंड घट्ट होते ते याच कारणाने. साखर रानसफरचंदातही असते, कित्येक जातींत बाजारी सफरचंदाइतकी असते. परंतु आम्ल आणि टॅनिन यांच्या गर्दीत तिचा आवाज ऐकू येत नाही.

पहिल्या दोन-चार हिमरात्री झाडावर काढलेली फळे मऊ पडतात आणि पुष्कळशी सौम्य होतात. पक्ष्यांना हे ठाऊक असते. कित्येक झाडे डिसेंबरपर्यंत अस्पर्श राहतात, आणि मग कस्तुरांचा थवा उतरून दोन दिवसांत झाड रिकामे करून जातो.

५. पातेल्यात काय घडते

कच्च्या फळाचे जे दोष ते शिजवताना गुण कसे होतात, हे समजण्यासाठी तिसऱ्या एका द्रव्याची ओळख करून घेतली पाहिजे. त्याचे नाव पेक्टिन. वनस्पतींच्या पेशी एकमेकींना चिकटून राहतात त्या ज्या लेपामुळे, त्या लेपाचा हा मुख्य घटक. 1825 साली हेन्री ब्राकोनो या फ्रेंच शास्त्रज्ञाने तो प्रथम ओळखून त्याला नाव दिले. पेक्टिनचे रेणू फार लांब, साखळीसारखे असतात. पाण्यात ते मोकळे तरंगतात आणि त्यांच्या अंगी समान विद्युद्भार असल्यामुळे परस्परांस दूर लोटतात. सबब नुसत्या पेक्टिनच्या पाण्याची कधी जेली होत नाही. त्यात आम्ल घातले म्हणजे हा भार शमतो आणि साखळ्या जवळ येण्यास तयार होतात. साखर भरपूर घातली म्हणजे ती पाण्याला आपल्याकडे ओढून धरते, आणि साखळ्यांना एकमेकींचाच आधार घ्यावा लागतो. मग ठिकठिकाणी त्या जोडल्या जाऊन एक जाळे तयार होते, त्या जाळ्यात सारे पाणी अडकून बसते, आणि पातळ रसाचा थरथरता, सुरीने कापता येईल असा घट्ट पदार्थ होतो.

म्हणजे जेलीला तिघांची हजेरी लागते: पेक्टिन, आम्ल आणि साखर. स्ट्रॉबेरीत पेक्टिन कमी, म्हणून महाबळेश्वर-पाचगणीकडे घरी जॅम करू पाहणाऱ्यांचा जॅम पुष्कळदा पातळ राहतो. पिकलेल्या पेरूत पेक्टिन असते, पण आम्ल कमी, म्हणून आपल्या गृहिणी पेरूच्या जेलीत लिंबू पिळतात. कवठात दोन्ही असल्यामुळे कवठाची जेली सहज साधते. रानसफरचंदात पेक्टिन आणि आम्ल ही दोन्ही भरघोस असून, उणीव असते ती केवळ साखरेची, जी डब्यातून घालता येते. इंग्लंड-अमेरिकेतील जुन्या घरांत ब्लॅकबेरीसारख्या नरम फळांच्या जॅममध्ये मूठभर रानसफरचंदे टाकण्याची वहिवाट होती, ती याच हिशेबाने.

कृती अशी. किलोभर फळे धुऊन, देठ काढून, दोन-दोन तुकडे करावेत. सोलू नयेत, बिया काढू नयेत, कारण पेक्टिनचा मोठा भाग सालीजवळ आणि मधल्या चांदणीभोवतीच असतो. फळे जेमतेम बुडतील एवढे पाणी घालून मंद आचेवर लगदा होईपर्यंत शिजवावीत. हा लगदा मलमलीच्या फडक्यात बांधून रात्रभर टांगून ठेवावा आणि खाली ठिबकणारा रस धरावा. फडके पिळण्याचा मोह अनावर होतो, कारण आत अजून पुष्कळ रस दिसत असतो. पण पिळले की गराचे कण उतरतात आणि जेली गढूळ होते. न पिळता मिळालेला रस लाल सालीच्या जातींचा असेल तर गुलाबी आणि काचेसारखा पारदर्शक असतो. रसात पेक्टिन पुरेसे आहे की नाही हे पाहण्याची एक जुनी परीक्षा आहे: चमचाभर थंड रसात दोन-तीन चमचे स्पिरिट ओतून मिनिटभर थांबावे, एकसंध चिकट गोळा झाला तर पेक्टिन भरपूर, तुटक धागे झाले तर कमी. हा नमुना चाखू नये, फेकून द्यावा.

आता हिशेब. एक लिटर रसाला साधारण 750 ग्रॅम साखर घेऊ. रसाचे वजन एक किलो धरले आणि त्यात मुळातच 100 ग्रॅम विरघळलेली द्रव्ये आहेत असे मानले, तर एकूण द्रव्य 850 ग्रॅम आणि पातेल्यातील एकूण वजन 1750 ग्रॅम झाले. जेली नीट धरण्यासाठी मिश्रणात विरघळलेला भाग शेकडा 65 च्या आसपास हवा. 850 ग्रॅम म्हणजे शेकडा 65, तर संपूर्ण वजन सुमारे 1300 ग्रॅम असले पाहिजे. याचा अर्थ जवळजवळ 450 ग्रॅम पाणी उकळून घालवायचे. त्यापूर्वी उतरविले तर जेली पातळ, पुढे ताणले तर रबरासारखी.

हे पाणी किती गेले ते दर वेळी तोलून पाहता येत नाही, म्हणून तापमान मोजतात. साखरेचे प्रमाण वाढत जाते तसा उत्कलनबिंदू चढतो, आणि पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा तापमान चार-पाच अंशांनी वर गेले की जेली तयार झाली असे समजतात. पुस्तकांतून 105 अंश हा आकडा छापलेला असतो तो समुद्रसपाटीवरचा. डोंगरात हवेचा दाब कमी, म्हणून दर 300 मीटर उंचीला पाणी सुमारे एक अंश आधीच उकळते. शिमला सुमारे 2200 मीटर उंचीवर आहे. तेथे पाणी 93 अंशांच्या आसपास उकळते, आणि जेली 97-98 अंशांनाच सिद्ध होते. तेथे पुस्तकातील 105 अंशांची वाट पाहणारा माणूस जेलीऐवजी काकवी उतरवील. महाबळेश्वर सुमारे 1350 मीटर उंचीवर. तेथील आकडा शंभराच्या आसपास येतो. थर्मामीटर नसेल तर थंडगार बशीवर थेंब टाकून बोटाने ढकलावा, त्यावर सुरकुती पडली की पातेले उतरवावे. ही बशीची परीक्षा कोणत्याही उंचीवर तितकीच खरी ठरते, आणि मला विचाराल तर थर्मामीटरपेक्षा तिच्यावर भरवसा ठेवणे अधिक सुखाचे आहे.

जेलीसाठीच म्हणून काही जाती नावारूपास आल्या. इंग्लंडात 1875 च्या सुमारास निपजलेली 'जॉन डाउनी' ही त्यांतली एक. दक्षिण डकोटाच्या नील्स हॅन्सन यांनी रशियातून आणलेल्या बियाण्यातून निवडून 1917 साली प्रसृत केलेली 'डॉल्गो' ही दुसरी. तिचा रस माणकासारखा लाल उतरतो.

६. थंड मुलखांतील वहिवाट

लिंबू जेथे पिकत नाही आणि द्राक्षांना ऊन पुरत नाही, अशा उत्तरेकडील मुलखात स्वयंपाकाला आंबट कोठून आणायचे? मध्ययुगीन इंग्लंडात रानसफरचंदे कुटून, रस काढून, तो मुरवून ठेवीत आणि मांसाच्या कालवणांत व चटण्यांत वर्षभर वापरीत. विस्तवावर भाजलेली फळे गरम मद्याच्या वाडग्यात सोडण्याची थंडीतील चालही फार जुनी. शेक्सपिअरच्या 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' या नाटकात खोडकर पक त्याच भाजलेल्या फळाचे सोंग घेऊन म्हातारीच्या वाडग्यात लपून बसतो, आणि प्रेक्षकांना त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नसे.

याहून मला नवल वाटते ते अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील हैडा, त्सिम्शियन इत्यादी आदिवासी समाजांचे. तेथील मॅलस फ्यूस्का या जातीची लांबट, कडक आणि कमालीची आंबट फळे ते लोक देवदाराच्या, एकसंध फळी वाफेने वाकवून केलेल्या पेट्यांत पाण्याखाली किंवा माशाच्या चरबीखाली बुडवून ठेवीत. महिनोन्‌महिने तशी राहिल्यावर आम्लामुळे फळे नासत नसत, उलट मऊ आणि खाण्याजोगी होत. आणि अशी पेटी ही मोठ्या मेजवानीत प्रतिष्ठितांपुढे ठेवण्याची, आहेरात देण्याची वस्तू असे. आम्ल हेच परिरक्षक आहे, ही गोष्ट त्यांनी प्रयोगशाळेवाचून हस्तगत केली होती.

७. वारसाचा दाखला

मोठे गोड सफरचंद या लहान आंबट फळापासूनच माणसाने वाढवीत आणले असावे, असा पुष्कळांचा समज असतो. प्रकरण त्याहून गुंतागुंतीचे निघाले. मध्य आशियात, आजच्या कझाकस्तानच्या सरहद्दीवरील त्यान शान पर्वतात, सफरचंदाची अरण्ये आहेत. योहान झीफर्स या वनस्पतिशास्त्रज्ञाने अठराव्या शतकाच्या अखेरीस ती झाडे पाहिली, आणि पुढे त्याच्याच नावावरून त्या जातीला मॅलस सिव्हर्सिआय म्हणू लागले. 1929 साली निकोलाय वाव्हिलोव्ह हे रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ अल्माटी शहरी पोहोचले, तेव्हा भोवतालच्या उतारांवर रानटी झाडांनाच बागेतल्या तोलाची, नाना रंगांची आणि चवींची फळे लागलेली पाहून, बागायती सफरचंदाचे मूळ स्थान हेच असा निर्वाळा त्यांनी दिला. (याच वाव्हिलोव्हांना पुढे स्टालिनच्या राजवटीत अटक झाली आणि 1943 साली सारातोव्हच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. अन्नधान्याच्या बियाण्यांचा जगातील एक थोर संग्रह उभारणारा माणूस तुरुंगात अन्नान्न दशेने गेला, हे वाचून मन विषण्ण होते.) 2010 साली 'गोल्डन डिलिशस' या जातीचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला, आणि त्याने त्यान शानचा दावा बळकट केला.

तेव्हा रानसफरचंदाचा वारसाहक्क फेटाळला गेला काय? नाही. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले की, मूळ झाड व्यापारी तांड्यांच्या वाटेने पश्चिमेकडे सरकत युरोपात पोहोचल्यावर तेथील आंबट मॅलस सिल्व्हेस्ट्रिसशी त्याचा इतक्या वेळा संकर झाला, की आजच्या सफरचंदात या युरोपीय रानजातीचा वाटा फार मोठा आहे. माय मध्य आशियातली खरी. परंतु घरात पुढे जी भर पडली ती आंबट शेजाऱ्यांकडून.

८. हिमाचलाच्या बागेतील कारभार

सफरचंदाची बी पेरली तर त्याच चवीचे झाड येत नाही. दर बीतून वेगळेच झाड निघते, आणि ते बहुधा आंबटाकडे झुकते. म्हणून जात टिकवायची तर कलम हाच मार्ग. आयोवा संस्थानातील पेरू नावाच्या गावी जेसी हायट यांच्या बागेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जे एक झाड आपोआप उगवले, त्याच्याच काड्या पिढ्यान्‌पिढ्या कलम करीत जगभर गेल्या आणि त्यांना 'डिलिशस' हे नाव मिळाले. 1916 च्या सुमारास सत्यानंद स्टोक्स यांनी, ज्यांचे तेव्हाचे नाव सॅम्युअल स्टोक्स होते, ती जात शिमल्याजवळच्या कोटगढ भागात लावली, आणि पुढे हिमाचलाचे अर्थकारणच तिने पालटले.

परंतु काडी कशावर बांधायची? खाली मूळ हवे, आणि ते तेथल्या थंडीला व मातीला सरावलेले हवे. हिमालयात रानटी सैबेरियन रानसफरचंदाचे बी सहज मिळे; त्याची रोपे वाढवून त्यांवर डिलिशसची काडी चढवीत. अलीकडे इंग्लंडातील ईस्ट मॉलिंग येथे सिद्ध झालेली ठेंगणी खुंटे पुष्कळ आली आहेत, तरी डोंगरउतारावरील जुन्या बागांत जमिनीखाली कितीतरी ठिकाणी रानसफरचंदच उभे आहे.

दुसरा मामला परागाचा. सफरचंदाचे फूल स्वतःच्या झाडाचा पराग स्वीकारीत नाही. आता वर सांगितलेली गोष्ट ध्यानात घ्या: बागेतील शंभर डिलिशस झाडे म्हणजे वस्तुतः एकाच झाडाचे शंभर तुकडे, त्यामुळे ती एकमेकांचाही पराग नाकारतात. नुसत्या डिलिशसची बाग फुलांनी पांढरी होईल आणि फळांविना राहील. म्हणून मधूनमधून परक्या जातीचे, बागवानांच्या भाषेत 'पोलिनायझर', झाड लागते. दर तिसऱ्या ओळीत दर तिसरे झाड असे लावले, तर नऊ झाडांत एक, म्हणजे शेकडा अकरा प्रमाण पडते. पाऊस आणि थंडीमुळे मधमाश्या घरात बसून राहतात अशा उंचीवर याहून पुष्कळ अधिक ठेवावे लागते. प्रत्येक परके झाड म्हणजे मुख्य जातीच्या एका झाडाच्या उत्पन्नास मुकणे, आणि येथेच रानसफरचंद कामास येते. 'मांचुरियन', 'स्नोड्रिफ्ट', 'गोल्डन हॉर्नेट' या रानजाती गेल्या वर्षीच्या कोवळ्या काडीवरसुद्धा फुलतात, त्यामुळे फांदीभर फूल असते; बहर दीर्घकाळ टिकतो; झाड छाटून अरुंद ठेवता येते, तेव्हा दोन मोठ्या झाडांच्या फटीतही ते मावते. मधमाशी एका रंगाच्या फुलावरून बहुधा त्याच रंगाच्या फुलाकडे जाते, म्हणून गडद गुलाबीपेक्षा पांढऱ्या फुलांची रानजात पसंत करतात.

ज्याच्या बागेत असे झाड नाही तो एप्रिलमध्ये शेजाऱ्याकडून फुललेल्या फांद्या कापून आणतो, पाणी भरलेल्या पिशव्यांत त्या खोचून आपल्या झाडांना टांगतो आणि मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणून ठेवतो. त्या फांद्या तीन-चार दिवस टिकतात; तेवढ्या अवधीत ऊन पडले तर पीक आले.

९. खपल्यांचा रोग आणि एक जपानी झाड

सफरचंदाच्या पानांवर आणि फळांवर काळपट, खरखरीत खपल्या आणणारी एक बुरशी आहे. रोगाला स्कॅब म्हणतात. 1973 साली काश्मिरात आणि 1983 साली हिमाचलात या रोगाची मोठी साथ आली, आणि तेव्हापासून तेथील फलोत्पादन खाते दरवर्षी फवारणीचे वेळापत्रक काढते व बागायतदार ते पंचांगासारखे पाळतो.

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात 1914 साली सी. एस. क्रँडल यांनी, रोगाचा काही विचार मनात नसताना, मॅलस फ्लोरिबुंडा या जपानी शोभेच्या रानसफरचंदाच्या 821 क्रमांकाच्या झाडाचा 'रोम ब्यूटी' या बागायती जातीशी संकर केला होता. पुढे त्याच वंशातील काही झाडांना स्कॅब शिवतही नाही असे एल. एफ. हफ यांच्या ध्यानात आले. ही शक्ती एका प्रभावी जनुकात होती. अडचण अशी की ती झाडे चिंचोक्याएवढी निरुपयोगी फळे देत. मग उपाय एकच: त्यांचा मोठ्या फळाच्या जातीशी पुन्हा संकर, त्या संततीचा आणखी एका मोठ्या जातीशी संकर, असे करीत जाणे. रानझाडाचा अंश प्रत्येक पिढीस निम्म्याने घटतो: अर्धा, पाव, आठवा, सोळावा, बत्तिसावा. पण तो विशिष्ट जनुक मात्र एकतर संपूर्ण असतो किंवा नसतो. पातेलीभर दुधाला लावलेल्या चमचाभर विरजणाप्रमाणे तो प्रमाणाने कितीही थोडा झाला तरी आपले काम पुरे करतो. कोणत्या रोपात तो उतरला हे पाहण्यासाठी चार पानांच्या कोवळ्या रोपांवर बुरशीचे बीजाणू फवारीत. निम्मी रोपे खपल्यांनी भरत, ती उपटून टाकीत, उरलेली पुढे वाढवीत. प्रत्येक पिढी फळावर येण्यास पाच-सात वर्षे. पर्ड्यू, रटगर्स आणि इलिनॉय या तीन विद्यापीठांनी मिळून हा उद्योग केला, आणि त्यातून 'प्रिमा' ही पहिली जात 1970 साली बाहेर पडली. पहिल्या संकरापासून छप्पन्न वर्षे.

बुरशी स्वस्थ बसली नव्हती. युरोपात विसाव्या शतकाच्या अखेरीस त्या एका जनुकाला दाद न देणारे तिचे वाण आढळले, त्यामुळे आता पैदासकार वेगवेगळ्या रानजातींतील दोन-तीन प्रतिकारक जनुके एकाच झाडात आणण्याच्या खटपटीत असतात, आणि त्यांचा शोध पुन्हा त्यान शानच्या अरण्यांपर्यंत जाऊन पोहोचतो. श्रीनगरच्या कृषी विद्यापीठाने 'फिरदौस' आणि 'शिरीन' या स्कॅबला न बधणाऱ्या जाती दिल्या आहेत. परंतु दिल्लीच्या आझादपूर मंडईतील आणि आपल्या वाशीच्या घाऊक बाजारातील गिऱ्हाइकाला अजून लाल, उभट डिलिशसच हवे असते. त्यामुळे काश्मिरातील बागायतदार घरच्यासाठी एखादे फिरदौस लावतो, आणि विक्रीच्या बागेत वेळापत्रकाप्रमाणे फवारणीचा पंप चालू ठेवतो.